वनस्नान रात्रपाळीवाल्यांच्याही वाट्याला यावे

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

काही आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत मुळशी, ताम्हिणी आणि कर्जत परिसरात भरणाऱ्या वनस्नान शिबिरांवर एक सविस्तर लेख आला होता. शहरातल्या धावपळीने थकलेल्या माणसाने दोन दिवस झाडांच्या सहवासात शांतपणे घालवावेत, हा त्या लेखाचा आशय मला मनापासून पटला. मात्र ज्यांच्या शरीराला आणि मनाला अशा विसाव्याची सर्वाधिक निकड आहे, ती माणसे या शिबिरांपर्यंत पोहोचणार कशी, हा प्रश्न लेख वाचून झाल्यावरही मनातून जाईना. त्याच प्रश्नापायी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी पुण्यातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात ३४ वर्षे नोकरी केली. अधिपरिचारिका म्हणून रुजू झाले आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाले. रात्री आठ वाजता वॉर्डात शिरायचे, सकाळी आठ वाजता पुढच्या पाळीच्या हाती वॉर्ड सोपवायचा, घरी जाऊन स्वयंपाक उरकायचा, दुपारी पडदे ओढून झोपेची वाट पाहत पडायचे आणि संध्याकाळी पुन्हा बस धरायची, हा क्रम माणसाच्या हाडीमासी कसा मुरतो, हे मी स्वतः भोगले आहे. निवृत्तीनंतरही पहिली दोन वर्षे रात्री तीनच्या सुमारास मला जाग येत असे, कारण ती तापमान आणि रक्तदाब नोंदवण्याची वेळ असे. हे पाहूनच गेल्या वर्षी माझ्या लेकीने मला मुळशी तालुक्यातल्या एका वनस्नान शिबिराला पाठवले. दोन रात्रींचे तिथले शुल्क एखाद्या कंत्राटी परिचारिकेच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास होते. ही रक्कम मला पोहोचल्यावर कळली. आधी कळली असती, तर मी गेले नसते.

शिबिराच्या जागेबद्दल दोन गोष्टी सांगणे भाग आहे. राहण्याच्या खोल्यांसाठी डोंगराचा उतार नव्याने कापलेला होता आणि त्या कापलेल्या उघड्या मातीवर लॉनचे गालिचे अंथरले होते. दुसऱ्या रात्री शेजारच्या हिरवळीवर कोणाचा तरी समारंभ असल्यामुळे ध्वनिवर्धक साडेदहापर्यंत चालू होता. दिवसभराचे वेळापत्रक इतके भरगच्च होते की, एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाताना घड्याळच पाहावे लागे. विसाव्यासाठी आलेल्या माणसांना घंटा वाजवून बोलावले जात होते आणि ती घंटा ऐकताच दर वेळी माझा हात नकळत छातीवरच्या घड्याळाकडे, म्हणजे ते जिथे पूर्वी असे त्या जागेकडे, जात होता.

तरीही त्या दोन दिवसांतला दीड तास मी आयुष्यभर विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या वाडीतले एक मध्यमवयीन गृहस्थ आम्हा आठ जणांना देवराईकडे घेऊन गेले. फेब्रुवारीचा महिना होता. राईच्या सीमेवर त्यांनी आपल्या चपला काढल्या आणि आम्हालाही काढायला सांगितल्या. आत पाऊल टाकल्यावर ते एवढेच म्हणाले, "मावशी, घाई नको. दहा पावलं टाका अन् उभ्या ऱ्हा." त्यांनी आम्हाला कोणतीही मुद्रा शिकवली नाही, डोळे मिटायलाही सांगितले नाही. पायाखाली गार, किंचित ओलसर पालापाचोळा होता. गारंबीचे मांडीएवढे जाड वेल एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेले होते. लांबवर कुठेतरी तांबट पक्ष्याचे एका लयीतले पुक्-पुक् चालू होते आणि मला त्या आवाजाने आधी दचकायला झाले, कारण अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरचा ठोका जवळजवळ तसाच असतो. दहा पावले टाकायची आणि थांबायचे, असे करत आम्ही फार तर ३०० मीटर गेलो असू. अर्ध्या वाटेवर केव्हातरी माझ्या लक्षात आले की, मी त्या पक्ष्याचे ठोके मोजणे थांबवले आहे. माझे कान इतकी वर्षे कुठल्या ना कुठल्या खाटेवरच्या हाकेची, संपत आलेल्या सलाइनची वाट पाहत उभे होते, हे मला त्या क्षणापर्यंत कळलेच नव्हते.

या अनुभवामुळे मी वनस्नान या विषयाकडे गंभीरपणे पाहू लागले आणि मिळेल ते वाचत गेले. त्यातून ध्यानात आलेली पहिली गोष्ट अशी की, ही कल्पना जन्माला आली ती सरकारी वनखात्यात. १९८२ साली जपानच्या वनसंस्थेचे तत्कालीन प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी 'शिनरिन-योकु' हा शब्द घडवला. शिनरिन म्हणजे जंगल आणि योकु म्हणजे स्नान. त्याच वर्षी नागानो प्रांतातल्या आकासावा इथल्या राष्ट्रीय वनात वनस्नानाचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. आकासावाचे हे जंगल हिनोकी या सुगंधी सूचिपर्णी वृक्षाचे आहे आणि तिथल्या कित्येक वृक्षांचे वय ३०० वर्षांहून अधिक आहे. सतराव्या शतकात तोडीमुळे हे डोंगर उघडे पडू लागले, तेव्हा तिथल्या राजवटीने वृक्षतोडीवर अतिशय कडक बंदी घातली आणि त्या बंदीमुळेच ते जंगल पुन्हा उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले सार्वजनिक जंगल आणि कारखान्या-कचेऱ्यांत राबून थकलेले नागरिक यांची गाठ घालून देणे, असा त्या योजनेचा साधा हेतू होता. पुढे २००६ पासून जपानमध्ये वनोपचारासाठी ठिकाणे प्रमाणित करण्याची पद्धत सुरू झाली आणि आज अशा ठिकाणांची संख्या ६० हून अधिक आहे.

या विषयावर तिथे झालेल्या संशोधनातला एक अभ्यास मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले डॉ. चिंग ली यांनी २००७ च्या सप्टेंबरमध्ये विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या १३ परिचारिकांना तीन दिवस आणि दोन रात्रींसाठी नागानो प्रांतातल्या जंगलात नेले. जाण्यापूर्वी, जंगलात असताना आणि परतल्यानंतर त्यांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. रक्तातल्या नैसर्गिक मारक पेशींची, म्हणजे विषाणूबाधित आणि विकृत पेशींवर चाल करून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची, क्रियाशीलता जंगलात वाढली होती आणि ती वाढ सात दिवसांनंतरही टिकून होती. ताणाशी निगडित असलेली ॲड्रिनॅलिनची पातळी मात्र उतरली होती. त्याआधी टोकियोतल्या कार्यालयांत काम करणाऱ्या पुरुषांवरही त्यांनी असाच प्रयोग केला होता आणि केवळ सुट्टी मिळाल्याने, फिरायला गेल्याने हा फरक पडतो का, हे पाहण्यासाठी शहरातल्या सहलीशी त्याची तुलना केली होती. शहरातल्या सहलीत मारक पेशींमध्ये तशी वाढ आढळली नाही. संशोधकांना आपल्या प्रयोगासाठी परिचारिकांची निवड करावीशी वाटली, याचे मला मोठे अप्रूप आहे. आपल्याकडे थकलेल्या परिचारिकेची आठवण १२ मे रोजी, परिचारिका दिनी, गुलाबाचे फूल देण्यापुरतीच होते.

परंतु या संशोधनाचा हवाला देऊन आपल्याकडे जे दावे केले जातात, त्यांबद्दल एक परिचारिका म्हणून मला सावधगिरीने बोलले पाहिजे. मी गेले त्या शिबिराच्या माहितीपत्रकात वनस्नानाने कर्करोगाला प्रतिबंध होतो, असे ठळक अक्षरांत छापले होते. मारक पेशींची क्रियाशीलता काही दिवस वाढणे आणि कर्करोग टळणे या दोहोंमध्ये फार मोठे अंतर आहे आणि १२ किंवा १३ माणसांवरच्या प्रयोगातून ते अंतर ओलांडता येत नाही. जपानमध्ये २४ जंगलांत मिळून २८० जणांवर झालेला अभ्यास अधिक भक्कम आहे. त्यात प्रत्येक ठिकाणी १२ तरुणांपैकी सहा जणांना जंगलात आणि सहा जणांना शहरात पाठवले, दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या आणि लाळेतले कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक, नाडी आणि रक्तदाब मोजले. जंगलात ही तिन्ही मापे खाली आली. मात्र ते सगळे निरोगी, विद्यार्थिदशेतले तरुण होते. शिवाय हिनोकीसारख्या वृक्षांतून हवेत मिसळणारी सुगंधी द्रव्ये आपल्या ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ यांच्या रानात त्याच प्रमाणात असतील, असे गृहीत धरता येत नाही. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी सह्याद्रीतल्या आणि विदर्भातल्या रानांत, आपल्याच परिचारिकांवर, एस.टी.च्या चालकांवर आणि पोलीस शिपायांवर हे मोजमाप करायला घ्यावे, अशी माझी फार इच्छा आहे. रानात जाऊन नोंदी आणि नमुने घ्यायला रक्तदाबाचे यंत्र आणि लाळेचा नमुना घेण्याची नळी यांहून अधिक महागडे साहित्य लागत नाही.

झाडांचा आणि बरे होण्याचा संबंध मला कागदावर वाचण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता, असे आता वाटते. आमच्या शस्त्रक्रिया विभागात खिडकीजवळच्या चार खाटा होत्या आणि त्या खिडक्यांबाहेर एक जुना, पसरलेला पर्जन्यवृक्ष होता. खाट रिकामी झाली की पलीकडच्या रांगेतले रुग्ण विचारायचे, "सिस्टर, मला खिडकीपाशी हलवता का?" त्यांना हवा हवी आहे, असे आम्ही समजत असू. १९८४ साली अमेरिकेतल्या रॉजर उलरिच या संशोधकाने पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्याने निवडल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. यातला जो भाग मला सर्वाधिक भावला, तो असा की, त्याने परिचारिकांनी लिहून ठेवलेले शेरेही वाचले होते. 'रुग्ण अस्वस्थ आहे', 'रडत आहे', 'धीर देण्याची गरज आहे' अशा आशयाच्या नोंदी भिंतीकडे तोंड असलेल्या रुग्णांच्या कागदांवर अधिक होत्या. आमच्या विभागाबाहेरचा तो पर्जन्यवृक्ष वाहनतळ वाढवण्यासाठी तोडला गेला. त्या जागी आता दुचाक्या उभ्या असतात.

तेव्हा वनस्नान म्हणजे दूरच्या डोंगरातले दोन दिवसांचे महागडे शिबिर, ही समजूत आपण आधी बाजूला ठेवली पाहिजे. इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकूण १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ उद्यानात, रानात, समुद्रकाठी घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले आणि ही १२० मिनिटे एकाच वेळी घालवली की थोडी थोडी, याने फारसा फरक पडला नाही. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे, कारण मुळात ज्याची प्रकृती बरी, तोच बाहेर पडतो, हेही खरे असू शकते. पण वर्षातून एकदा मुळशीला जाण्यापेक्षा आठवड्यातून चारदा अर्धा तास घराजवळच्या झाडांत जाणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे, एवढे समजण्यासाठी कोणत्याही अभ्यासाची गरज नाही.

या बाबतीत दक्षिण कोरियाने जे केले आहे, ते आपल्या राज्यकर्त्यांच्या नजरेस आणून द्यावेसे वाटते. त्या देशात वनकल्याणासाठी २०१५ साली स्वतंत्र कायदा झाला आणि पुढच्या वर्षी योंगजू इथे राष्ट्रीय वनोपचार केंद्र सुरू झाले. अल्प उत्पन्न गटातल्या आणि अपंग नागरिकांना या सेवांचा लाभ घेता यावा म्हणून सरकारतर्फे व्हाउचर दिले जाते. अग्निशमन दलाच्या जवानांसारख्या, कामाच्या स्वरूपामुळेच मनावर आघात झेलणाऱ्या लोकांसाठीही तिथे वेगळे कार्यक्रम चालतात. आपल्या देशातही उत्तराखंडच्या वनविभागाने २०२१ च्या मार्चमध्ये राणीखेतजवळ कालिका इथे सुमारे १३ एकरांच्या पाइनच्या जंगलात असे केंद्र उघडले आहे. म्हणजे शासनाने मनात आणले, तर हे अशक्य नाही.

महाराष्ट्राकडे तर यासाठी लागणारे बरेच काही तयारच आहे. माथेरानचेच उदाहरण घ्यावे. नेरळहून वर गेलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि त्यापुढे खासगी मोटारींना प्रवेश नाही. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. जांभूळ, अंजन, हिरडा यांच्या सावलीतून तांबड्या मातीच्या वाटा मैलोन्‌मैल गेल्या आहेत आणि मोटारीच्या आवाजाविना तिथे चालता येते. मुंबईतल्या एखाद्या रुग्णालयातल्या परिचारिकेला लोकलने नेरळला उतरून एका दिवसात जाऊन येता येईल, इतके ते जवळ आहे. मी माझ्या प्रशिक्षणाच्या काळात एकदा तिथे गेले होते. मैत्रिणींनी मिळून पॉइंट पाहण्याची इतकी घाई केली की, संध्याकाळी आम्हाला पायांच्या दुखण्याखेरीज काही आठवत नव्हते. तिथेच एखाद्या वळणावर तासभर बसलो असतो, तर बरे झाले असते, असे आज वाटते. मुंबईच्या पोटात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, नागपूरजवळ गोरेवाडा आहे आणि आम्हा पुणेकरांना वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई आहेत. या जागा राखण्यासाठी पुण्यातल्या नागरिकांनी वर्षानुवर्षे रस्त्यांच्या आणि बोगद्यांच्या प्रस्तावांना विरोध केला आहे. त्या लढ्याकडे काही लोक मोकळा वेळ असलेल्यांचा हट्ट म्हणून पाहतात. रुग्णालय बांधण्याला आपण आरोग्यावरचा खर्च मानतो. टेकडी राखण्यालाही तसेच मानले जावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

देवरायांबद्दल मात्र मला वेगळे सांगायचे आहे, कारण शिबिरे भरवणाऱ्यांचे लक्ष आता त्यांच्याकडे वळू लागले आहे. आमच्या सोबत आलेल्या एका ताईंनी राईतली वाळलेली फांदी उचलून आधारासाठी हातात घेतली, तेव्हा त्या वाटाड्या गृहस्थांनी ती हळूच मागून घेतली आणि जिथे होती तिथे परत ठेवली. ते म्हणाले, "इथलं काही न्यायचं नसतं." मोडून पडलेले लाकूडही बाहेर जाता कामा नये, हा नियम पाळल्यामुळेच त्या राया टिकल्या. परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या अशा रायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. या राया त्या त्या गावाच्या देवाच्या आहेत. तिथे न्यायचे असेल, तर गावाची रीतसर परवानगी घ्यावी, संख्या मोजकी ठेवावी आणि गावातल्याच जाणत्या माणसाला वाटाड्या म्हणून पूर्ण मोबदला द्यावा. ज्या दीड तासासाठी मी त्या शिबिराची कायमची ऋणी आहे, तो त्या गृहस्थांनी दिला. त्यांना त्या दिवसाचे किती मिळाले, हे मी विचारले, तेव्हा ऐकलेला आकडा इथे लिहायलाही मला संकोच वाटतो.

आणखी एक सूचना आरोग्यसेवेतल्या माझ्या अनुभवातून करते. वनस्नानात जमिनीवर बसण्याला, पालापाचोळ्यात आडवे पडण्याला फार महत्त्व दिले जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग परिसरात आणि लगतच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गेल्या काही वर्षांत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार रानातल्या गोचिडांमार्फत पसरतो आणि त्याचा जोर साधारणतः जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. रानात माकडे मरून पडल्याचे दिसले, तर तो धोक्याचा इशारा समजावा, आसपास फिरू नये आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला तत्काळ कळवावे. कोकणातल्या आणि घाटावरच्या रानांत फुरसे आणि घोणस असतात. त्यामुळे अनवाणी चालण्याची जागा स्थानिक माणसानेच दाखवावी आणि सर्पदंशावरचे औषध सर्वांत जवळ कुठे मिळते, हे आयोजकाला निघण्यापूर्वी ठाऊक असावे. आमच्या शिबिरात प्रथमोपचाराची पेटी होती, पण ती कुलपात होती आणि किल्ली मुक्कामाच्या ठिकाणी राहिली होती.

मनाच्या आजाराबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्यातल्या एका तरुण परिचारिकेची झोप पूर्ण उडाली, जेवण तुटले आणि ती कोणाशी बोलेनाशी झाली. तिला अनेकांनी निसर्गात जाऊन येण्याचा सल्ला दिला. तिला गरज होती ती मानसोपचारतज्ज्ञाची आणि औषधांची. ती दोन्ही मिळाल्यावर काही महिन्यांनी ती सावरली. फिरायला जाण्याचे बळ तिच्यात त्यानंतर आले. दीर्घकाळ टिकणारी उदासी, जीव देण्याचे विचार, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे असतील, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. शिबिर भरवणाऱ्यांनी हा क्रमांक आपल्या माहितीपत्रकावर छापावा.

आता मूळ मागणीकडे येते. मी निवृत्त झाल्यापासून माझ्या जुन्या विभागातल्या दोन-तीन जणींना आठवड्यातून एकदा, त्यांची रात्रपाळी संपली की, टेकडीवर घेऊन जाण्याचा प्रयत्न करते. चढण त्यांना झेपत नाही, कारण १२ तास पायांवर उभे राहून त्या आलेल्या असतात. शिवाय टेकडीवर एकट्यादुकट्या माणसाला लुबाडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असल्याने घरचे लोकही नको म्हणतात. मग महापालिकेची बाग उरते. रात्रपाळीवरून आलेली बाई घरी जाते, मुलांचे आवरते, सासूबाईंना औषध देते आणि तिला स्वतःसाठी वेळ मिळतो तो साडेअकरा-बाराच्या सुमारास. नेमक्या त्याच वेळी पुण्यातल्या बहुतेक बागांच्या फाटकांना कुलूप असते. सकाळी दहा-अकराच्या आसपास बंद झालेली बाग दुपारी चारनंतरच उघडते. ही वेळ ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सकाळी फिरायला जाणारे निवृत्त लोक आणि संध्याकाळी खेळायला येणारी मुले असावीत. रुग्णालये, एस.टी. आगार, पोलीस चौक्या, चोवीस तास चालणारे कारखाने आणि कॉल सेंटर यांत पाळीने राबणारी हजारो माणसे त्यांना दिसली नाहीत.

म्हणून महापालिकेला माझी विनंती अशी आहे की, ज्या बागांत मोठी झाडे आणि सावली आहे, अशा प्रत्येक प्रभागातल्या निदान एका बागेचे फाटक दुपारीही उघडे ठेवावे. तिथे एक सुरक्षारक्षक, वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी असावे. बागेचा एक कोपरा असा राखावा की, तिथे व्यायामाची यंत्रे नसतील, भोंग्यावरची गाणी नसतील, काँक्रीटच्या पायवाटेऐवजी माती असेल आणि बाकांना पाठ असेल, कारण थकलेल्या माणसाला टेकायला लागते. वनविभागाने टेकड्यांवर आठवड्यातले काही ठराविक तास वनरक्षकांच्या सोबतीने संथ चालण्यासाठी राखावेत आणि ते सकाळी नऊनंतरचेही असावेत. सार्वजनिक रुग्णालयांच्या प्रशासनाने आवारातले उरलेले जुने वृक्ष वाहनतळाच्या आराखड्यातून वगळावेत आणि वर्षातून एक दिवस परिचारिकांना पगारी रजा देऊन गटागटाने माथेरान, भीमाशंकर किंवा जवळच्या रानात न्यावे. त्या खर्चासाठी वेगळा निधी मिळेपर्यंत परिचारिका दिनाच्या समारंभाचा खर्च तिकडे वळवला, तर आमच्यापैकी एकीचीही तक्रार येणार नाही, असे मी खात्रीने सांगते.

मागच्या गुरुवारी मी आणि माझी एक जुनी सहकारी दुपारी बारा वाजता आमच्या भागातल्या बागेपाशी गेलो होतो. फाटक बंद होते. आतल्या वडाखाली माळी डबा खात बसले होते. आम्हाला पाहून ते उठून आले आणि वरिष्ठांना विचारल्याशिवाय उघडता येणार नाही, असे त्यांनी अगदी नम्रपणे सांगितले. कुंपणाच्या कडेने बाहेर वडाची जी थोडी सावली पडली होती, तिच्यात पदपथावर आम्ही अर्धा तास बसलो. तिची रात्रपाळी त्या आठवड्यातली चौथी होती. पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत आणि वेळ बदलण्यासाठीचा लेखी अर्ज, आठ जणींच्या सह्यांनिशी, उद्यान विभागाकडे त्याआधी देणार आहोत. पाळीत काम करणाऱ्या आपल्या वाचकांनी आपापल्या प्रभागात असेच अर्ज करावेत, एवढ्यासाठी हे पत्र प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
पुणे